पेपरातला जॉर्ज हिल

हवल्ली, कुवेत
१४ नोव्हेंबर १९५९

कुबरा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. हुसेनच्या बायकोच्या, म्हणजे शरीफाच्या हातून तुला मिळेल. तुझ्या अब्बांच्या हाती पडलं तर सरळ चुलीत जाईल, हे मला ठाऊक आहे. आधी सलाम घे. भांडण मागाहून करू.

हुसेन इथे माझ्याच खोलीत राहतो. काल त्याच्या घरचं पत्र आलं. मोठ्याने वाचत होता आणि मधेच कागद खाली ठेवला. मी म्हटलं, "काय रे, म्हैस मेली का?" तर म्हणतो, "नाही यूनुसभाई, तुझ्याच घरचं आहे." तेव्हा कळलं. रमजान ईद झाली की तुझा निकाह बाणकोटच्या रफीक खोताशी लावायचं तुझ्या अब्बांनी ठरवलंय. दोन मचवे आहेत म्हणे त्याचे. असतील. चार असले तरी मला काय त्याचं? अगो, तुझा नवरा जिवंत आहे! सहा फूट उंच, अडीच मण वजनाचा, हवल्लीत बसून बांगड्याचं कालवण खातोय!

अब्बा म्हणतात मी दीन सोडला, किरिस्ताव झालो, नाव बदललं, म्हणून निकाह आपोआप तुटला. आणि त्यांच्याकडे पुरावा काय, तर मीच पाठवलेलं पेपराचं कात्रण. मूर्खपणा माझाच. पण आज शांतपणे सगळं सांगतो, ऐक.

बोटीवर कोळसा ओढत होतो ते तुला माहीत आहे. नूरीच्या वेळी तुला सहावा महिना होता तेव्हा निघालो, लिव्हरपूलला पोचेपर्यंत तापाने फणफणलो. मला तिथे इस्पितळात टाकून बोट गेली. बरा झालो तो उत्तरेकडच्या एका गावात ओतीव लोखंडाच्या कारखान्यात लागलो. कारखान्यामागे मैदान होतं. तिथे रग्बी नावाचा खेळ चालायचा. सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू, तेरा गडी इकडे, तेरा तिकडे, आणि चिखल असा की आपल्या खाडीला लाजवेल. त्यातले सहा-सहा जण खांद्यात खांदे अडकवून, डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात. ते फॉरवर्ड. बाकीचे पळतात आणि पेपरात येतात, फॉरवर्ड मार खातात. एकदा मी बघत उभा होतो तर त्यांचा एक गडी आलाच नव्हता. मला हाक मारली. मी म्हटलं, रेटायचंच ना? मचवा वाळूवर चढवताना आपण दुसरं काय करतो? पहिल्या रेट्यात समोरचे तिघे आडवे झाले. क्लबाच्या सेक्रेटरीने मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन गाठलं.

आता मुद्द्याचं. तिकडे रिवाज असा की नवा गडी पारखायला घेतात तेव्हा पहिले चार सामने पेपरात त्याचं खरं नाव देत नाहीत. दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून कसलंही नाव ठोकून देतात. गोऱ्या पोरांनाही असंच दुसरं नाव लावायचे. माझ्या वाट्याला जॉर्ज हिल आलं. पाचव्या सामन्यापासून माझं खरं नाव छापलं. पण मला दम कुठला! पहिल्याच फोटोचं कात्रण कापलं, स्वतःभोवती शाईने गोल केला आणि तुला धाडलं. वाटलं, तू फोटो बघशील. अब्बांनी मास्तरांना बोलावून फोटोखालची ओळ वाचून घेतली.

त्यांचं पत्र आलं ते अजून माझ्या ट्रंकेत आहे. सुरुवातच अशी: "जॉर्ज हिल यांस. आमची मुलगी तुमची कोणी नाही." मी लगेच उत्तर लिहिलं होतं, एक नाही, दोन. टपालात गहाळ झाली असणार.

सेक्रेटरीला आजच लिहितोय. तो क्लबाच्या शिक्क्यानिशी लिहून देईल. तोवर तू खोताला हो म्हणू नकोस. एवढंच मागणं आहे.

यूनुस

हवल्ली
३ जानेवारी १९६०

कुबरा,

तुझं पत्र नाही आलं, तुझा निरोप आला. शरीफाने तुझे शब्द जसेच्या तसे लिहिलेत: "त्यांना विचार, सहा वर्षं इंग्लंडचं टपाल बंद होतं का?"

हुसेनने हे वाचलं आणि जे हसला! मला हसू नाही आलं. तू परसात उभी राहून, पदर कमरेला खोचून हे बोलली असशील, ते डोळ्यांपुढे आलं.

नव्हतं बंद. मी उत्तरं पाठवलीच नाहीत. लिहिली होती, ते खरं. फाडली. मला राग आला होता, कुबरा. अरे, जावयाला एकदा विचाराल की नाही, बाबा रे हे खरं का? सरळ "जॉर्ज हिल यांस"! मी म्हटलं, जा मग, नाही तर नाही. असा रुसलो तो रुसलोच. मग एक वर्ष गेलं, आणि वर्षानंतर पत्र लिहायला घ्यावं तर सुरुवात काय करायची ते सुचेना. दुसरं वर्ष त्याहून वाईट. माणूस जितका उशीर करतो तितकं त्याला तोंड दाखवणं जड जातं. सत्तावन्न साली गुडघा गेला, क्लबाने निरोप दिला, बोटीवर काम धरून बसऱ्याला उतरलो आणि तिथून इथे आलो. मुंबईची बोट दर पंधरवड्याला दिसते. एकदा तिकिटाच्या रांगेत उभाही राहिलो होतो. माझा नंबर आला आणि मी बाजूला झालो.

इथली एक गंमत सांगतो. गंमत कसली, माझी फजितीच. मी अहमदीला तेल कंपनीच्या पाइपांच्या यार्डात कामाला आहे, पाइप उचलणाऱ्या पंधरा जणांवर देखरेख करतो. तिथे साहेब लोक थंडीत वाळूवर रग्बी खेळतात, पण त्यांची जात निराळी. पंधरा-पंधरा जणांची, आणि बिनपगारी. त्यांचा नियम असा कडक की ज्याने आमचा पगारी खेळ एकदा जरी खेळला, त्याला त्यांच्यात जन्मभर घ्यायचं नाही. वाळीतच टाकतात म्हण ना.

यार्डातल्या वॉकर साहेबाने माझे कान बघून ओळखलं. रेटून रेटून फॉरवर्डचे कान फुगतात, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे होतात. (हे तुला कधीतरी सांगायचंच होतं. नाकही जरा उजवीकडे गेलंय. समोरचे दोन दात नाहीत.) मागच्या शुक्रवारी बसऱ्याहून संघ आला आणि यांचा एक गडी आजारी. वॉकर माझ्याकडे धावत आला. "पारकर, चल, खेळ."

मी म्हटलं, "माझं नाव पारकर नाही, हमदुले."

"तेच तर! हमदुले वाळीत आहे, पारकर थोडाच आहे? पारकर म्हणून खेळ, कोण विचारतंय?"

कुबरा, तुला खोटं नाही सांगत, माझे पाय शिवशिवत होते. तीन वर्षांत कुणाला खांदा लावला नव्हता. जर्सी हातात घेतली, तिचा वासही घेतला. आणि एकदम असा भडकलो की वॉकर दोन पावलं मागे सरला. म्हटलं, "साहेब, एकदा दुसऱ्या नावाने खेळलो त्यात माझं घर गेलं. हमदुलेला घेत असाल तर आत्ता येतो. पारकरला शोधा जाऊन." त्याने जाऊन कप्तानाला खरं सांगितलं. कप्तान स्वतः आला, मान हलवली, फार वाईट वाटतं म्हणाला, पण नियम तो नियम.

मग रेषेबाहेर उभं राहून मी इतका ओरडलो की घसा बसला. "पाठ सपाट! पाय मागे! अरे, बकऱ्या आहात का!" मराठीत ओरडत होतो ते त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या अर्ध्यात बसऱ्यावाले मागे हटायला लागले. जिंकले. मला चहा दिला, तंबूत नाही, बाहेर आणून. मला त्याचं काही वाटलं नाही. हमदुले म्हणून दिला ना.

नूरीला शाळेत घातलंय का? शरीफा लिहिते, ती हाडापेराने माझ्यावर गेलीय. बिचारी.

यूनुस

हवल्ली
१९ फेब्रुवारी १९६०

कुबरा,

सेक्रेटरीचं पत्र आलं. सोबत जोडलंय. क्लबाचा शिक्का आहे, सही आहे. इंग्रजीत आहे म्हणून मास्तरांना वाचायला सांग, त्यांनीच आग लावली आहे, त्यांनीच विझवावी. त्यात लिहिलंय की नाव फक्त पहिल्या चार सामन्यांपुरतं क्लबाने दिलं होतं, पुढे पाच हंगाम मी यूनुस हमदुले म्हणून एकशे एकतीस सामने खेळलो आणि माझा धर्म कधी बदलला नाही. पुढे त्या भल्या माणसाने आणखीही लिहिलंय. सामना संपला की तिकडे सगळा संघ एका मोठ्या हौदात गरम पाण्यात उतरतो, अंगावर सूत नसतं. मी पंचा नेसून उतरायचो म्हणून सगळे चिडवायचे, आणि शेवटी क्लबाने माझ्यासाठी कोपऱ्यात पडदा लावून एक बालदी ठेवली, हेही त्याने लिहिलंय. तुझ्या अब्बांसमोर मास्तर हे कसं वाचणार ते बघायला मी तिथे हवा होतो!

हुसेन, यार्डातला अब्बास आणि इथल्या मशिदीतले दोघे, असे चौघे आपले लोक लिहून द्यायला तयार आहेत की हा माणूस पाच वेळा नमाज पढतो. हुसेन म्हणतो, "चार वेळा लिहू, पहाटेच्या फजरला तुला उठवावं लागतं." तेही कागद आत आहेत.

झालं. पुरावा पुरा झाला. आणि आता मला हे पान लिहायचंय, जे सेक्रेटरीच्या पत्राला जोडून पाठवू की नको, याचा मी तीन दिवस विचार करतोय.

सेक्रेटरीने लिहिलंय की मी दारूला कधी शिवलो नाही. त्याला तसं वाटतं. मी शिवलो. चोपन्नच्या हिवाळ्यात, अब्बांचं पत्र येऊन महिना झाला होता, आम्ही मोठा सामना जिंकलो, आणि मी दोन ग्लास प्यालो. दोनच, पण प्यालो. त्या वर्षी ईद कधी आली आणि गेली ते मला कळलंसुद्धा नाही. शनिवारी सामना, बाकी दिवस कारखाना. खरं नाव छापायला लागले तरी मैदानावरचे लोक जॉर्जच म्हणायचे, सवय झाली होती त्यांना. आठ-नऊ हजार माणसं, कुबरा. "जॉर्ज! जॉर्ज!" मी चेंडू छातीशी धरून घुसायचो आणि तीन-तीन जण अंगावर घेऊन पुढे जायचो. मला ते आवडायचं. फार आवडायचं. कोळसेवाल्याच्या नावाने जगात कोण ओरडतं? त्या एका हिवाळ्यात मी खरंच जॉर्ज झालो होतो. दीन सोडला नाही, अल्लाह साक्षी आहे, पण घर सोडलं होतं, मनातून. अब्बांनी लिहिलं ते अर्धं खरं होतं, म्हणून तर मला इतकं झोंबलं. रुसलो होतो हे मागच्या पत्रात लिहिलं ते खरं, पण त्याच्याखाली हे होतं. उत्तर काय लिहिणार होतो मी?

मग एके दिवशी खेळताना डोक्याला मार बसला, बाजूला आणून बसवलं. डॉक्टरने विचारलं, नाव काय तुझं? मी म्हटलं, यूनुस. तो म्हणाला, बघा, बरळतोय, आणि मला घरी पाठवलं. सगळे हसले. मी त्या दिवशी खोलीवर जाऊन रडलो, गो. एवढा धिप्पाड माणूस, उशीत तोंड खुपसून. दुसऱ्या दिवसापासून नमाज धरली ती आजपर्यंत.

हे पान अब्बांना दाखव किंवा दाखवू नकोस. तुला ठाऊक असायला हवं, एवढंच. खोताबद्दल मी आता काही म्हणत नाही. पहिल्या पत्रात हुकूम सोडला होता, तो हक्क मला उरलाय का ते तूच सांग. पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतील. तू जे ठरवशील त्याला मी आड येणार नाही. पण रोज दुआ मात्र एकच मागेन.

यूनुस

दाभोळ
८ एप्रिल १९६०

नूरीच्या अब्बांना सलाम.

माझी मराठी शाळेची चौथी, अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या. तुमचंही काही मोत्यांसारखं नाही.

तिन्ही पत्रं मिळाली. तुम्ही तीन पत्रं लिहिलीत, शिक्के आणलेत, चार माणसांच्या सह्या आणल्यात. कशासाठी? तर तुम्ही मुसलमान आहात हे मला पटावं म्हणून. मला ते कधी पटलं नव्हतं? त्या फोटोत तुमच्या दंडाला ताईत दिसत होता, मी बांधलेला, काळ्या दोऱ्यातला. जॉर्ज म्हणे! अब्बांना मी त्याच दिवशी दाखवला. ते म्हणाले, दोरा कुणाच्याही दंडाला असतो. मी तेव्हाही मानलं नाही, नंतरही नाही. सहा वर्षं मी त्या कागदाची वाट नाही बघितली. "कशी आहेस" एवढं लिहिलेल्या कार्डाची वाट बघितली. तीन पत्रांत तुम्ही मला पाइपांचं सांगितलंत, चेंडूचं सांगितलंत, नूरीचं विचारलंत. मी कशी आहे, ते विचारलंत का? बघा परत वाचून. नाहीच सापडणार.

मी बरी आहे. गुडघे दुखतात, तुमच्यासारखेच, पण कुणी माझ्या नावाने ओरडलं नाही.

आता इथलं. मास्तरांना बोलावलं, सेक्रेटरीचं पत्र वाचायला लावलं. पंच्याचं आलं तेव्हा मास्तर अडखळले. अब्बा म्हणाले, "वाचा, थांबलात का?" त्यांनी वाचलं. दाराआड अम्मी आणि मी पदर तोंडात कोंबून उभ्या होतो. अब्बांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि तरावीहच्या नमाजला निघून गेले.

तुमचं शेवटचं पान मी एकटीने वाचलं. कितीदा ते सांगणार नाही. मग चुलीत घातलं. ते दोन ग्लास तुमचे आणि अल्लाहचे, त्यात अब्बांचं काम नाही. आणि माझंही नाही. फक्त एक सांगते. मी रागाने वेडी झाले असते, जर तुम्ही ते लिहिलं नसतं आणि मला दुसऱ्याकडून कळलं असतं. लिहिलंत ते बरं केलंत. पहिली दोन पत्रं वाचून मला वाटत होतं, हा माणूस अजून कुणालातरी फोटो पाठवतोय. तिसरं माझ्या नवऱ्याने लिहिलेलं होतं.

खोताकडच्या बायका ईदच्या तिसऱ्या दिवशी आल्या, शीरखुर्मा खाल्ला, बांगड्यांचं माप मागितलं. मी म्हटलं, माझ्या हातात बांगड्या आहेत, एका गाढवाने भरलेल्या आहेत, पण आहेत. अम्मीला चक्कर यायची बाकी राहिली होती. त्या उठून गेल्या. अब्बा ओटीवर बसून सगळं ऐकत होते.

तुम्ही कुठल्याच पत्रात "ये" लिहिलेलं नाहीत. मी खूप शोधलं. तुमच्यात हिंमत नाही, मारामारी करण्यापुरतीच आहे. म्हणून मीच सांगते, नूरी आणि मी येतोय. तिकडून काय कागद लागतात, राहण्याचा परवाना, इकामा का काय म्हणतात तो, त्याला लागा. दात बसवून घ्या. नाक राहू द्या, नूरीला बघायचंय.

परवा सकाळी अब्बा म्हणाले, "चल दापोलीला." कुठे, कशाला, काही नाही. मी बुरखा घातला आणि निघाले. त्यांनी मला नेलं ते थेट मामलेदार कचेरीत, पासपोर्टच्या अर्जावर सही घ्यायला. बाकड्यांवर पंचवीस-तीस माणसं. कारकुनाने माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. निकाहानंतर अकरा वर्षांत मी कधी घेतलेलं नाही, अगदी एकटी असतानाही नाही. अशा वेळी बरोबरचा माणूस सांगतो. मी अब्बांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. सहा वर्षांत तुमचं नाव त्यांच्याही तोंडून निघालेलं नाही. कारकुनाने परत विचारलं. मागची माणसं चुळबुळायला लागली.

मी म्हटलं, "यूनुस हमदुले."

कारकून म्हणाला, "बाई, ऐकू नाही आलं."

मग मी असं घेतलं की पंचवीस-तीस माणसांच्या माना वळल्या. "यूनुस हमदुले!"

कारकुनाने टाक बुडवला आणि लिहायला लागला. तेव्हा अब्बांनी खाली घातलेली मान वर न करता काउंटरवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "बापाचं नाव राहिलं मधलं. यूनुस इब्राहिम हमदुले. पूर्ण लिहा."

नूरीची आई